सातवी केबल

“पण मी चुकलो कुठे, ते तरी सांगा बाई!”

हेरंब ताम्हनकरने हे तिसऱ्यांदा विचारलं. मुळ्येबाई आपल्या घरी वालाच्या डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. त्यांनी हातातली डाळिंबी वाटीत टाकली आणि दुसरी उचलली.

बाईंनी रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना सोल्डरिंग शिकवलं होतं. बाईंनी नुसतं डोळे वटारून पाहिलं तरी बंद पडलेला रेडिओ घाबरून सुरू होतो, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगत. हेरंबचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तो पुण्यातल्या कंपनीत पन्नास माणसांचा साहेब होता. आणि अशा साहेबाला इथे पाऊण तास वालाची सालं बघत बसावं लागलं होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

टेबलावर सहा केबली पडल्या होत्या. सातवी त्याच्या हातात होती. सातही त्याने स्वतःच्या हाताने बनवलेल्या, आणि सातही कुचकामी.

शेजारच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते, ताम्हनकर मास्तर. चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हातही गेला. तेव्हापासून ते रोज डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवत. कपाटात त्यांचा चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक होता, टीव्हीला जोडून चालवायचा. त्याला बाहेरून लावायचा डिस्क ड्राइव्ह होता आणि फ्लॉपी डिस्कांचा एक डबा होता. डब्यात काय आहे, ते मास्तरांना सांगता येत नव्हतं. संगणक आणि ड्राइव्ह जोडणारी केबल उंदरांनी कुरतडून टाकली होती आणि तसली केबल आता कुठल्याच बाजारात मिळत नव्हती.

दुसरा झटका कधीही येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. तो यायच्या आत वडिलांना डब्यातलं काय ते दाखवायचं, एवढ्यासाठी हेरंबने आठ दिवसांची सुट्टी काढली होती.

“चित्र आहे?” बाईंनी विचारलं.

“आहे ना. बाबांनीच काढलेलं. मूळची केबल त्यांनीच घरी केली होती.”

त्याने कागद टेबलावर पसरला. संगणकात खुपसायचा गोल प्लग, त्यात आठ पिना, प्रत्येक पिनेपाशी आकडा आणि तारेचा रंग. अक्षर मोत्यासारखं.

“बटर पेपरवर काढलंय,” बाई म्हणाल्या.

“तेव्हा हाताला तोच लागला असेल.”

बाईंनी कागद उजेडाकडे धरून पाहिला.

“काय झालं?”

“काही नाही. तारा तपासल्यास?”

“मीटर लावून. एकूण एक.”

“कशावरून?”

“या चित्रावरून! दुसरं आहे काय माझ्याकडे?”

“बरं.”

त्या ‘बरं’ने हेरंबचं डोकं आणखीच फिरलं.

“स्पष्ट सांगू का बाई? चित्रच चुकलंय. बाबा शाळामास्तर होते, इंजिनियर नव्हेत. सात वेळा प्लग लावला, सात वेळा ड्राइव्हचा नुसता दिवा लागला. डिस्क काही फिरत नाही. मी हात टेकले.”

तेवढ्यात मास्तरांचा डावा हात टेबलावर आला. बोटं कागदाच्या कडेपाशी गेली. त्यांनी कागद उचलला आणि उपडा घातला.

“बाबा, नका ना!” हेरंबने कागद झटकन सरळ केला. “बघितलंत? पहिल्या दिवसापासून हेच. झोपताना कागद सरळ ठेवावा, सकाळी बघावं तर उपडा. ओरडून झालं, समजावून झालं, हात जोडून झाले. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी वर अडकित्ता ठेवला. आजीचा, चांगला जडशीळ पितळेचा. त्यांना एका हाताने उचलवत नाही तो.”

“मग?”

“मग थांबले. परवापासून टेबलाकडे फिरकलेसुद्धा नाहीत.”

बाईंचा सोलणारा हात थांबला.

मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

बाईंनी पदराला बोटं पुसली. कागद आपल्याकडे ओढला आणि मास्तरांनी घातला होता तसाच उपडा घातला. बटर पेपरमधून शाईच्या रेघा आरपार दिसत होत्या. मग त्यांनी हेरंबच्या हातातला प्लग काढून घेतला आणि तारा जोडलेली बाजू वर करून चित्राशेजारी ठेवला.

“वाच.”

“आकडे उलटे दिसतायत.”

“दिसू देत. वाच.”

“एक नंबर… उजवीकडे. लाल.” त्याने प्लगकडे पाहिलं. त्याची लाल तार डावीकडे होती. “दोन… पिवळी…”

तीनपर्यंत पोचता पोचता तो वाचायचं सोडून प्लगवरच्या तारा बोटाने मोजू लागला.

मास्तरांनी प्लग समोरून पाहून काढला होता, जी बाजू संगणकात जाते तिकडून. तारा जोडायच्या त्या मागून. मागून बघताना डावं ते उजवं होतं. म्हणून तर बटर पेपर घेतला होता: जोडायला बसताना कागद उपडा घालायचा आणि वाचायचं. हेरंबने सातही वेळा समोरचं चित्र वाचून मागून तारा जोडल्या होत्या, आणि मीटरने तीच चूक नीट तपासून घेतली होती.

इतके दिवस घरातला माणूस त्याला हेच सांगत होता. हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा…”

मास्तर वळले नाहीत. डावा हात तेवढा त्यांनी पुन्हा त्या उपड्या कागदावर आणून ठेवला आणि तिथेच राहू दिला.

हेरंबने डोळे पुसले. घाईघाईने पिशवी उघडली, नवा प्लग काढला, तारेचं बंडल काढलं.

“बाई, इथेच बसून आठवी करतो. तासाभराचं काम. उद्या सुट्टी संपतेय माझी. तुमची सोल्डरिंग गन देता?”

बाईंनी डाळिंब्यांची वाटी पुन्हा मांडीवर घेतली.

“केबल नंतर,” त्या म्हणाल्या. “आधी घरी जाऊन तो अडकित्ता उचल.”