बगळीचा सडा

इथून पुढे पाय जपून टाका. गवतातून वर आलेली ही पांढरी फुलं दिसतात ना, पंख पसरलेल्या बगळ्यासारखी, तीच बगळी. शिकलेली माणसं हिला जमिनीवरची आमरी, म्हणजे ऑर्किड, म्हणतात आणि भिंगं घेऊन शोधत येतात. आसपासच्या कुठल्याच सड्यावर, म्हणजे अशा कातळाच्या पठारावर, ती आता उरलेली नाही. इथेच का उरली, ते आमच्या धनगरवाड्यात सांगतात. माझ्या आजाने मला सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो.

सात पिढ्या झाल्या, म्हणे. तेव्हा वाड्यात अकरा घरं होती आणि घरटी आठ-दहा म्हशी. बिरू झोरे याची बायको लखमी जनावरांचं औषध जाणायची. त्या वर्षी श्रावणात म्हशींना घटसर्प झाला. गळा सुजायचा, श्वास घरघरायचा आणि दोन दिवसांत म्हैस आडवी. लखमीने बगळीचा कंद उगाळून वाड्याचा कारभारी जानू याच्या म्हशीला पाजला. ती म्हैस उठली.

मग काय, सगळा वाडा कुदळी घेऊन सड्यावर चढला. बगळीच्या बुडाशी दोनच कंद असतात. एक गेल्या सालचा, सुरकुतलेला; दुसरा रसरशीत, त्यातून पुढच्या सालचं रोप येतं. औषधाला रसरशीतच लागतो. तो काढला की तिथे परत काही उगवत नाही. लखमी हे ओरडून सांगत होती, पण दारात जनावर मरत असताना पुढच्या सालचं कोण ऐकणार? सहा दिवसांत त्यांनी सडा उकरून काढला. कंद पाजलेल्या काही म्हशी उठल्या, काही मेल्या.

सातव्या दिवशी लखमीला वरच्या कातळाच्या कपारीत एक रोप दिसलं. फुलं गळून बोंडं धरली होती. तिने सगळा सडा हिंडून पाहिला. दुसरं रोप नव्हतं. ती परत येऊन त्या रोपाशी बसली. बोंडं पिकून फुटतील, बी वाऱ्यावर जाईल, तोवर हलायचं नाही असं तिने ठरवलं. बिरू तिला शोधत आला, रोप पाहिलं आणि कुणाला काही बोलला नाही. दोन दिवस तोच गुपचूप भाकरी आणून देत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा त्याच्या हातात भाकरी नव्हती, कुदळ होती.

"मोरीचा गळा धरला," तो म्हणाला. "ऊठ."

मोरी ही त्यांची उरलेली एकच म्हैस. बाकीच्या आठ गेल्या होत्या. तिची पारडी वीस दिवसांची होती.

"धनी, ही शेवटची हाय," लखमी म्हणाली. "ही उपटली तर पुढल्या साली रोग आल्यावर काय पाजायचं?"

"पुढल्या साली म्हैसच नसंल!"

त्याचा आवाज चढला तसा खालून जानू कारभारी पाच-सहा गड्यांना घेऊन धावत आला. त्याच्याही आणखी तीन म्हशी पडल्या होत्या. "लखमे, बाजूला हो," म्हणत त्याने तिचा दंड धरला.

"मामा, सोडा," ती म्हणाली. "मोरी जित्ती असंपर्यंत मी इथनं उठले, तर खुशाल उकरा. पण ती मेल्यावरही मी बसलेली दिसले, तर कुणी कुदळ लावायची नाही. बिरोबाची आण घ्या."

त्यांनी आण घेतली. कुणी बाई आपली दुभती म्हैस डोळ्यांदेखत मरू देणार नाही, असं त्यांना वाटलं. बिरूने तर मोरीला ओढत वर आणलं आणि लखमीच्या पुढ्यात, चार हातांवर उभं केलं.

मोरी उभी राहू शकली नाही. दुपारपर्यंत सड्यावर एकच आवाज होता, तिच्या घशातल्या घरघरीचा. पारडी येऊन तिच्या कासेला ढुशा देत होती. बिरू ओंजळीने पाणी पाजायचा, ते नाकातून परत यायचं. गडी कुदळी टेकून लखमीकडे बघत होते. एकदा तिचा हात रोपाकडे गेला, म्हणतात. देठाला बोटं लागली. मग तिने तो हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

ऊन कलताना मोरीने मान टाकली.

जानूने कुदळ खांद्यावर घेतली आणि तो उतरू लागला. गडी त्याच्या मागे गेले. बिरूने पारडी उचलली आणि लखमीकडे न बघता निघून गेला.

ती आणखी अकरा दिवस बसली. बोंडं फुटली, तेव्हा ती घरी आली. गोठ्यात पारडी जिवंत होती. जानू आपल्या उरलेल्या म्हशीचं दूध रोज तिला आणून पाजत होता. पुढे रोग ओसरला. पण बिरू लखमीशी बोलेना. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. दोघं एकाच चुलीवर जेवायची, एवढंच. चौथ्या वर्षी श्रावणात ती सड्यावर गेली, तर बिरू आधीच तिथे होता. कपारीभोवती दगड रचत होता.

"तीन आल्यात," तो म्हणाला.

आजही सड्यावर पहिली बगळी फुलली, की त्या दिवशी आमच्या वाड्यात कुणी धार काढत नाही. सगळं दूध पारड्यांना. आणि इथे कुदळ घेऊन कुणी चढत नाही. आता तुम्ही विचाराल, त्या कंदात खरंच गुण होता का? इथे येणारा प्रत्येक जण विचारतो. आम्हाला माहीत नाही. लखमीनंतर तो कंद कुणी काढून पाहिलेलाच नाही.