ओंजळभर मातीचे गाव

राजाचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाई, त्या काळची ही गोष्ट. एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात, लहानपणीच शिकायला गेलेली एक मुलगी दूरदेशाहून परत आली.

तिकडे ती तराफी लोकांविषयी शिकली होती. हे लोक फार पूर्वी तराफ्यांवरून नदीनदीने आले आणि तिच्याच गावच्या तळ्यावर राहिले, असे गुरुजींनी सांगितले होते. तिला वाटले होते, गावात पाऊल टाकताच त्यांच्यातले कोणीतरी भेटेल. अंगभर निळे गोंदण असेल, तोंडी कुणालाच न कळणारी भाषा असेल. प्रत्यक्षात भेटले कोण? मडकी थापणारा कुंभार, सूत उकलत बसलेली कोष्टीण, मेंढ्यांवर ओरडणारा धनगर. आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली आत्या.

"माती आणलीस का गं?" आत्याने पहिला प्रश्न हाच केला.

तशी गावाची रीतच होती. तळ्यात लव्हाळ्याच्या जाड विणीवर माती पसरून केलेले एक तरंगते शेत होते. सारे गाव त्यावर भाजी पिकवी. बाहेरून येणाऱ्याने, नवी नवरी असो की परतलेली लेक, मागच्या गावची ओंजळभर माती त्या शेतात टाकायची.

"आत्या, मी शिकून आलेय, नांदायला नाही!" मुलगी हसली आणि गुरुजींनी दिलेले बकुळीचे रोप तिने कुंडीसकट ओट्यावर ठेवले. तराफी सापडले की त्यांची हकीकत घेऊन ती परत जाणार होती.

ती घरोघर विचारत हिंडली. "तुमचे पूर्वज कुठले?"

"घाटावरचे," कुंभार म्हणाला.

"आमचे समुद्राकडचे," कोष्टीण म्हणाली.

"आमचे मेंढ्या नेतील तिकडचे," धनगर म्हणाला.

मुलीचा चेहरा उतरला. "आत्या, तराफी संपले गं."

"कोण ते? आधी भाकरी खा, गार होतेय."

तेवढ्यात राजाचा अंमलदार आला. मागे कुदळी-फावड्यांनी भरलेल्या गाड्या होत्या. चावडीवर उभा राहून तो म्हणाला, "तराफींचा वंश आहे तोवर हे तळे त्यांचे, असा जुन्या राजांचा शब्द आहे. उद्या सकाळी मला एक अस्सल तराफी घर दाखवा. तळे त्या घराचे. बाकीच्यांनी गाव सोडायचे. दाखवता आले नाही, तर तळे फोडून मी तिथे ऊस लावणार!"

सगळे मुलीकडे पाहू लागले.

"शिकलेली तूच," कुंभार म्हणाला. "कुणाचंही नाव घे, बाई. माझं तेवढं नको. या तोंडाला अस्सल म्हटलंस तर माझं गाढवसुद्धा हसेल."

"तुझ्या आत्याचंच घर सगळ्यांत जुनं," कोष्टीण हळूच म्हणाली. "तेच सांग. निदान तळं तरी राहील."

मुलीने एक शब्द उच्चारला असता, तर तळे तिच्या घरचे झाले असते, आणि कोष्टीण, कुंभार, धनगर वाटेला लागले असते.

संध्याकाळी ती तरंगत्या शेतावर गेली, तेव्हा आत्या शेताची फाटलेली कड दुरुस्त करत होती. आत्याने विळ्याने मातीचा एक तुकडा कापून काढला. मुलगी बघतच राहिली. तुकड्यात एकावर एक रंगीत पट्टे होते: लाल, काळा, पांढरट वाळूचा, पुन्हा लाल. आणि लव्हाळ्याची मुळे सगळ्यांतून आरपार गेली होती.

"आत्या, ही रीत कुणी घातली?"

"जे पहिले आले त्यांनी. त्यांच्याकडे नुसता लव्हाळा होता, जमीन कुठली? मग आसऱ्याला येईल त्याला ते म्हणायचे, कूळ नको सांगू, ओंजळभर माती दे."

मुलीने पायाखाली पाहिले. ज्यांना ती घरोघर शोधत होती, त्यांच्यावरच ती उभी होती.

सकाळी तिने अंमलदाराला होडीतून थेट शेतावर नेले. मागून सारे गाव आले. तिने मातीचा एक तुकडा कापून त्याच्या हाती दिला.

"यातली तराफींची माती तेवढी वेगळी करून दाखवा, मी त्यांचं घर दाखवते."

अंमलदाराने लाल थर ओढला, काळा सोलला. मुळे तटातट तुटली आणि साऱ्या तुकड्याचा चिखल होऊन त्याच्या जोड्यांवर सांडला.

"अशीच माणसं वेगळी केलीत तर आपण उभे आहोत ते शेतही बुडेल," मुलगी म्हणाली. "साहेब, तराफी संपले नाहीत. आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तराफी केलं. हे सगळं गाव त्यांचा वंश आहे!"

"आम्हीच ते?" धनगर ओरडला, आणि त्याने मुंडासे आभाळात फेकले. काठावर ढोल वाजू लागला.

अंमलदाराने पायाखालच्या हिरव्यागार शेताकडे पाहिले, मग चिखलाने माखलेल्या हातांकडे. अखेर त्यालाही हसू आले. "राजांचा शब्द कायम! तळे या गावाचे!" कुदळी-फावड्यांच्या गाड्या आल्या वाटेने परत गेल्या.

गलबला ओसरला, तशी आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सगळं गाव तराफी. आणि तू गं?"

मुलगी धावत घरी गेली आणि बकुळीची कुंडी घेऊन आली. दूरदेशीची ती माती तिने दोन्ही हातांनी शेतावर पसरली आणि परत न जाण्याचे ठरवून त्याच मातीत रोप लावले.

तात्पर्य: येणाऱ्यांना आपले करणारे लोक नाहीसे होत नाहीत, ते सगळ्यांच्या पायाखालची जमीन होतात.