बांधावरची परकीण

रेवळखारच्या बांधावरून खाडीकडे चालत गेलं, की शेवटच्या वळणावर जांभळ्या फुलांचा पट्टा लागतो. पुढे कांदळवन, मागे भातशेती, मधे ही फुलं. पानं चावली तर खारट लागतात, गुरं तोंड लावत नाहीत. पाहुणे विचारतात, हे झाड इथलं नाही ना? मग गावातले म्हातारे जोमाकाका चप्पल काढून बांधावरच बसतात. "नाय. ती परकीण हाय. बसा, सांगतो."

फार पूर्वी, असं सांगतात, पोशा तांडेल गलबत घेऊन दर्यापार गेला आणि येताना बायको घेऊन आला. तिच्या कमरेला एक पुरचुंडी होती, तिच्या गावच्या खाजणातल्या, खाऱ्या दलदलीतल्या बियांची. त्यातल्या मूठभर तिनं दारात पेरल्या, रोज गोडं पाणी घातलं. एकही उगवली नाही. पुढच्या फेरीला पोशा गेला तो आलाच नाही. गावानं तिला छळलं असं मात्र नाही हं. भात दिलं, मासळी दिली. फक्त तिच्याशी बोलायचं कसं हे कळेना, म्हणून कुणी बोललंच नाही. पोशा तिला कोणत्या नावानं हाक मारायचा, तेही कुणी विचारलं नव्हतं. ती दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ओठ बघायची.

उधाणाला बांध राखायची इथली रीत जुनी. घरटी एक माणूस बांधावर उभं राहतं. एकानं पुढच्याला नावानं हाक मारायची, त्यानं "हाय!" म्हणायचं आणि त्याच्या पुढच्याला हाक द्यायची. उत्तर आलं नाही, की सगळ्यांनी तिकडे धाव घ्यायची. एरवी पाणी उतरेपर्यंत जागा मात्र कुणी सोडायची नाही.

त्या वर्षी श्रावणातल्या अवसेला पोशाच्या घरातून ती आली. शेवटचं वळण तिच्या वाट्याला आलं. बघून बघून तिनं "हाय" एवढा एकच शब्द शिकून ठेवला होता. आज आपल्याला कुणीतरी हाक मारणार, म्हणून ती म्हणे सणासारखं नवं लुगडं नेसून आली होती.

दुपारी पाणी चढलं. हाका सरकत सरकत तिच्या अलीकडच्या नागूपर्यंत आल्या. त्यानं लांबूनच तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि अडखळला. नाव काय घेणार? दुसऱ्याच्या बायकोला नुसतं "ए" म्हणायची त्याला लाज वाटली. तो मागे वळून ओरडला, "हाय! समदी हाईत!"

तिच्या पायाखालचा चिखल तेव्हा सरकू लागला होता. बांधाला खांड पडत होती. तिनं तिच्या भाषेत हाका मारल्या, त्या वाऱ्यानं नेल्या. धावत जाऊन सांगावं, तर जागा सोडायची नाही, एवढं तिला कळत होतं. अखेर ती खांडीला पाठ लावून बसली आणि आपली हाक येईल म्हणून वाट पाहत राहिली. शेजारी माणूस उभा, आणि असं एकटेपण!

ओहोटीला माणसं पोचली तेव्हा बांध शाबूत होता. चिखलानं बुजलेल्या खांडीत लुगड्याचा पदर तेवढा दिसत होता. पाऊस सरला आणि तिथं ही फुलं आली. दारात गोड्या पाण्यावर न रुजलेलं बी खाऱ्या चिखलात रुजलं, आणि त्या वळणावर बांध पुन्हा कधी फुटला नाही, असं म्हणतात.

आजही उधाणाच्या दिवशी शेवटची हाक या फुलांना असते. तिथं उभा असलेला माणूस दोन्ही हात तोंडाशी धरतो, छातीत श्वास भरून घेतो आणि थांबतो. नाव कुणालाच ठाऊक नसतं. तेवढा वेळ सगळा बांध गप्प उभा राहतो. मग तिच्या वतीनं तोच हळूच म्हणतो, "हाय."