असं म्हणजे कसं?

संगमनेरच्या एका क्रीडा मंडळानं घरच्या घरी करायच्या व्यायामाच्या व्हिडिओंची स्पर्धा ठेवली. व्यायाम बॉक्सिंग, कुस्ती किंवा ज्यूदोच्या सरावातला हवा आणि नवख्याला नुसत्या व्हिडिओवरून जमायला हवा, एवढीच अट होती. परीक्षक होत्या ज्यूदोपटू भारती वाकचौरे. भारतीताई जन्मापासून अंध. लोक चार भिंतींत कुस्ती कशी शिकवतात, याचं त्यांना भारी कुतूहल होतं.

निकालाआधीच स्पर्धक रणजित कानवडे उठले. गावातली सगळ्यात मोठी जिम त्यांची.

"ज्यांना दिसत नाही, त्या व्हिडिओ काय तपासणार? परीक्षक बदला, नाहीतर मी चाललो!"

मंडळाचे अध्यक्ष गडबडले. भारतीताईंचे कान तापले, पण आवाज चढला नाही.

"अध्यक्षसाहेब, तुम्ही कधी जोर काढलेत?"

"छे हो!"

"मग आज काढा. कानवडे सरांचाच व्हिडिओ लावू."

अध्यक्ष सतरंजीवर पालथे झाले. समोर पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला. ढोलताशा वाजला आणि कानवड्यांचा आवाज घुमला, "आता असं! मग असं! आणि इकडून असं!"

"अहो, असं म्हणजे कसं?" अध्यक्ष सतरंजीत तोंड खुपसून ओरडले. सभागृह खदखदून हसलं.

भारतीताई म्हणाल्या, "सर, जोर काढणाऱ्याचं तोंड जमिनीकडे असतं. तेवढा वेळ त्यालाही माझ्याइतकंच दिसतं."

"परीक्षक याच राहतील," अध्यक्षांनी पडल्यापडल्याच जाहीर केलं.

कानवडे गेले नाहीत. ते अध्यक्षांशेजारी उकिडवे बसले आणि हात नेमके कुठे टेकायचे, ते शब्दांत सांगू लागले. भारतीताई कान देऊन ऐकत होत्या.