धुळीत लोळणारा काळवीट

मुलांनो, ही गोष्ट घनदाट जंगलातली नाही. एका उघड्या माळरानावर, जिथे बाभळीसुद्धा मोजक्याच होत्या, तिथे काळविटांचा एक कळप राहत असे. कळपात हरिण्या होत्या, त्यांची पाडसे होती आणि एक मोठा काळाभोर नर होता. त्याला सगळे ‘थोरले’ म्हणत. माळावरचे गवत त्याचे, ओढ्याचे पाणी त्याचे, आणि कुणी कुठे चरायचे हे ठरवणारा तोच.

त्या कळपात एका हरिणीचे एकुलते एक पाडस होते. लहानपणी ते सगळ्यांत उंच उडी मारायचे. सकाळी दव वाळले की त्याच्या बरोबरीची एक लहान हरिणी त्याला हाक मारी आणि दोघे माळभर उड्या मारत सुटत. पाडसाची आई गवतातून मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. तिला त्या उड्यांचा फार अभिमान होता.

दुसरा हिवाळा सरता सरता पाडसाच्या अंगात काहीतरी सुरू झाले. डोक्यावरची शिंगे आधी नुसती टोचत होती, आता त्यांना पीळ पडू लागला. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून काळपट चिकट रस झरू लागला. तो कितीही पुसला तरी पुन्हा येई. एके दिवशी मैत्रिणीला हाक मारायला त्याने तोंड उघडले आणि आतून एक जाड, घोगरा आवाज बाहेर पडला. दोघेही दचकली.

“हे तू केलंस?” तिने विचारले.

“मी नाही,” तो म्हणाला, आणि लाजून इकडेतिकडे पाहू लागला.

मग एक दिवस ती त्याच्या शेजारून उठून दुसरीकडे जाऊन बसली. त्याने कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “तुझा वास येतो. आणि पाठ कशी झालीय बघ तुझी, जळल्यासारखी.”

आता स्वतःची पाठ कुणाला दिसते? पाडसाने मान वळवून वळवून पाहिले, पण त्याला फक्त आपली शेपटी दिसली. तेव्हापासून आपली पाठ कशी आहे हे तो दुसऱ्यांच्या डोळ्यांत शोधू लागला. कुणी त्याच्याकडे पाहिले की त्याला वाटे, पाठीकडेच बघताहेत. कुणी नाही पाहिले की वाटे, पाहवत नसेल म्हणून मान फिरवली.

शेवटी तो आईकडे गेला. “आई, माझी पाठ कशी आहे?”

आईने पाहिले. पाठीवर मानेपासून मागेपर्यंत काळ्या केसांचा पट्टा उतरला होता. त्याच आठवड्यात तिने एक प्रकार पाहिला होता. कळपातल्या दुसऱ्या एका हरिणीचा मुलगा असाच काळा व्हायला लागला होता. थोरल्यांनी त्याला गाठले, शिंगांनी ढोसत ढोसत ओढ्यापर्यंत नेले आणि पलीकडे हाकलून दिले. पोराच्या मांडीवर ओरखडा उठला होता आणि ते मागे वळून आईला हाका मारत होते. त्यानंतर ते पुन्हा दिसले नाही. ओढ्यापलीकडे काय आहे, कळपातल्या एकाही हरिणीने पाहिलेले नव्हते. त्यामुळे जो तिकडे गेला तो संपला, असेच सगळ्या धरून चालत.

“आई, सांग ना. कशी आहे?”

“वाईट दिसते,” आई म्हणाली. “पण कुणाला कळणार नाही असं करू आपण.”

ती त्याला ओढ्याच्या दरडीखाली घेऊन गेली. तिथे पिवळसर माती होती, हरिणीच्या अंगाच्या रंगाची. “लोळ,” ती म्हणाली. तो लोळला. “अजून. पाठ नीट घास.” तो उठला तेव्हा काळा पट्टा मातीखाली गेला होता आणि तो पुन्हा लहान पाडसासारखा दिसत होता. आईचे डोळे भरून आले. त्याला वाटले, आपल्याला बघून ती खूश झाली.

रोज पहाटे तो लोळू लागला. पण मातीने सगळे झाकत नव्हते. मग आईने आणखी काही गोष्टी सांगितल्या. “ओरडायचं नाही. हाक मारावीशी वाटली तर गवत तोंडात धर.” “मान खाली घालून चाल, म्हणजे शिंगं गवतात राहतील.” “उड्या मारू नकोस. उडी मारलीस की तू केवढा झालायस ते सगळ्यांना दिसतं.” तरी शिंगे वाढतच होती. तेव्हा तिने त्याला एका खडबडीत दगडाजवळ उभे केले. तो टोके दगडावर घासू लागला. कवटीच्या आतपर्यंत कळ जायची. आई शेजारी उभी राहून म्हणायची, “थोडं अजून, बाळा. हे सगळं तुझ्यासाठीच आहे.” हे खोटे नव्हते. तिला झोप लागत नव्हती ती त्याच्याचसाठी.

दरडीजवळ एक टिटवी राहत असे. तिने हा प्रकार पुष्कळ दिवस पाहिला. एका सकाळी आई बाजूला गेलेली पाहून ती त्याला म्हणाली, “अरे, हे काय चालवलंयस?”

“मी खराब झालोय,” तो म्हणाला. “म्हणून झाकतोय.”

“खराब? तू काळवीट होतोयस. काळवीट काळाच असतो.”

“थोरले काळे आहेत. ते थोरले आहेत म्हणून त्यांना शोभतं.”

“मग ते काय काळे जन्मले होते?” टिटवी म्हणाली. “माझ्या पिल्लांना पिसं फुटताना बघ कधीतरी. आठ-दहा दिवस इतकी विचित्र दिसतात! म्हणून मी काय त्यांना मातीत पुरते?”

“पक्ष्यांचं वेगळं असतं,” एवढे म्हणून तो पुन्हा लोळू लागला. एव्हाना त्याला लोळल्याशिवाय कळपात जाण्याची हिंमतच राहिली नव्हती. अंगावर माती असली तरच तो स्वतःला बरा वाटे.

आणि युक्ती साधली, असे काही महिने वाटले. त्याच्या बरोबरीचे दोघे-तिघे हाकलले गेले, तो राहिला. थोरले त्याच्याजवळून जात तेव्हा तो पुढचे पाय वाकवून, पोट जमिनीला टेकेल इतका खाली होई. थोरले नुसते हुंगून पुढे जात. आई दुरून पाहत असे आणि श्वास सोडत असे. त्याच्या मैत्रिणीला मात्र आता त्याच्याशी काय बोलावे हे कळत नसे. ती मोठी झाली होती आणि ते लपवायला तिला कुणी सांगितले नव्हते. एकदा ती त्याला म्हणाली, “तू आजारी आहेस का? वाकून का चालतोस?” तो म्हणाला, “मी असाच आहे.” काही दिवसांनी ते त्याला स्वतःलाही खरे वाटू लागले.

एके दिवशी, ऊन चढायच्या आधी, दोन लांडगे माळावर आले. वाऱ्याने वास आणला तशा हरिण्यांनी माना उंचावल्या आणि दुसऱ्याच क्षणी सगळा कळप ओढ्याच्या दिशेने उधळला. हरिण्या उड्या घेत धावत होत्या. थोरले धावत होते. तोही धावत होता. पण ज्या पायांनी वर्षभर उडी घेतली नव्हती ते पाय भरून आले. मान खाली घालायची सवय अशी जडली होती की पुढचे नीट दिसेना. आजवर कधी न ओलांडलेला ओढा कळपाने जिवाच्या भीतीने एका झेपेत ओलांडला. त्याने काठावर येऊन झेप घेतली आणि तो मधोमध पाण्यात कोसळला.

आई पलीकडे पोहोचली होती. तिने मागे पाहिले. लांडगे दरडीवर आले होते आणि खाली पाण्यात तिचा मुलगा उठायची धडपड करत होता. ती पुन्हा अलीकडे आली. लांडग्यांच्या समोरून, त्यांना दिसेल अशी, लंगडल्यासारखे करत ती तिरपी धावली. लांडगे पाणी सोडून तिच्या मागे लागले. माळाच्या मध्यापर्यंत ती त्यांना घेऊन गेली. तिथे गवत थोडे उंच होते. ते हलले, आणि मग हलायचे थांबले.

मुलगा पाण्याबाहेर आला आणि पलीकडच्या काठावर उभा राहिला. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होते, आणि पाण्याबरोबर माती. कळपातल्या हरिण्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्यासमोर एक पूर्ण वाढलेला काळवीट उभा होता. पाठ रात्रीसारखी काळी, पोट शुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे. फक्त शिंगांच्या टोकांच्या जागी दोन बोथट खुंट होते.

थोरले पुढे आले. “तू इतका काळा कधी झालास?”

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. ते खरेच होते. त्याने स्वतःला कधी पाहिलेच नव्हते.

“निघ इथून.”

“माझी आई आत्ताच...”

“पाहिलं मी. निघ.”

थोरल्यांनी शिंगे खाली केली. त्याने मात्र केली नाहीत. तो वळला आणि चालू लागला. मैत्रीण एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली.

जिथे गेलेला संपतो असे त्याने ऐकले होते, तिथे तो पोहोचला. ओढ्यापासून फार लांब नव्हते ते. बोरीच्या झुडपांमागे एक उतार होता आणि त्या उतारावर वीसेक तरणे नर चरत होते. कुणी अर्धवट काळे, कुणी पूर्ण. काही जण शिंगाला शिंग लावून खोटे खोटे लढत होते, पडत होते, उठत होते, घोगऱ्या आवाजात एकमेकांची टर उडवत होते. मांडीवर ओरखडा उठलेला तो मुलगाही तिथे होता. अंगाने चांगला भरला होता.

“तू? इतक्या उशिरा?” तो म्हणाला. “ये. भिऊ नकोस. पहिले आठ दिवस फार वाईट वाटतं. मग भूक लागते.”

त्याला त्यांनी राहू दिले. खेळायलाही बोलावले. पण शिंगाला शिंग लावायची वेळ आली की त्याचे खुंट घसरत, अडकत नसत. घासून गेलेले टोक काळविटाला पुन्हा फुटत नाही. ओरडायचे म्हटले तर तोंडात गवत धरायची सवय आड येई. पुढच्या हंगामात एकेका नराने माळावर आपापली जागा धरली, तिथे उभे राहून छाती काढून आवाज दिला, आणि हरिण्या त्यांच्याकडे गेल्या. तो कुठेच उभा राहिला नाही. दिसायला त्या सगळ्यांत देखणा तोच होता. कुणी तसे म्हटले, तर आपली चेष्टा चालली आहे असे समजून तो बाजूला जात असे.

आणखी दोन वर्षे गेली. एका दुपारी उतारावर एक म्हातारा नर लंगडत आला. त्याचे एक शिंग मोडले होते आणि काळा रंग जागोजागी विटला होता. ते थोरले होते. एका तरण्या नराने त्यांना हरवून ओढ्यापलीकडे हाकलले होते. तरणे नर त्यांच्याकडे बघून पुन्हा चरायला लागले. थोरले फिरत फिरत त्याच्याजवळ आले.

“तुम्ही मला ओळखलंत?” त्याने विचारले.

थोरल्यांनी निरखून पाहिले. “नाही. मी हाकललं असेन तुला. पुष्कळांना हाकललं मी.”

“माझ्या आईला फार भीती वाटायची तुमची. तुम्हाला कळू नये म्हणून ती मला मातीत लोळवायची.”

“मला कळू नये म्हणून?” थोरल्यांना नवल वाटले. “अरे, मला वासावरून पहिल्या महिन्यातच कळलं होतं. एक नर काळा झालाय आणि मातीत लोळतोय. मी म्हटलं, असेल एखादा दुबळा. जो लढणार नाही त्याला कशाला हाकलायचं? पुढे सगळ्या कळपासमोर माती धुऊन गेली, तेव्हा हाकलावंच लागलं.” ते थोडे थांबले. “आणि आधीच हाकललं असतं तरी काय झालं असतं? इथेच आला असतास. मलाही माझ्या वेळेला इथेच हाकललं होतं. यात घाबरण्यासारखं काय होतं?”

त्याला ते गवत आठवले, माळाच्या मध्यावरचे, आधी हललेले आणि मग न हललेले.

थोरल्यांना भूक लागली होती. त्यांनी इकडेतिकडे हिरवे कुठे आहे ते पाहिले. ते एक पाऊल जवळ आले तसे त्याचे पुढचे पाय आपोआप वाकले, मान खाली गेली आणि तो मागे सरकला. दात पडलेल्या, हरलेल्या, लंगड्या म्हाताऱ्याला त्याने आपल्या पायाखालचे हिरवे गवत सोडून दिले. म्हाताऱ्याने ते मागितलेसुद्धा नव्हते.

तात्पर्य : वयात येणाऱ्या अंगाची लाज धरून जो लहान राहू पाहतो, तो लहान तर राहत नाहीच, पण मोठाही होत नाही; आणि मायेपोटी त्याला ती लाज शिकवणाऱ्यांनाही तिची किंमत चुकवावी लागते.