घागर आणि चुंबळ

एकदा एक तरुण मास्तर सात वर्षांच्या एका मुलीला घेऊन आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. गाव केनियातलं, तिकडे कॉफीच्या खरेदीला जाणाऱ्या माझ्या एका स्नेह्यानं सांगितलेली ही हकीकत.

"मझे," मास्तर म्हणाला. वडीलधाऱ्यांना तिकडे अशीच हाक मारतात. "ही नाफुला. वर्षभर पहिलीत बसली, तोंडातून शब्द नाही. बुद्धीच नाही हिला. हिचं नाव पटावरून काढतो, शेळ्या राखील. तुमचा होकार हवा."

"शिकवतोस कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत. घरची बोली वर्गात काढायची नाही, असा नियमच केलाय."

गुरू म्हणाले, "बरं. आधी ओढ्यावरून पाणी आण. डोक्यावरून."

पुरुषानं डोक्यावर पाणी वाहायची तिकडे रीत नाही. पण गुरूंपुढे बोलणार कोण? मास्तरनं घागर उचलली, केळीच्या सोपटाची चुंबळ घेतली. गुरूंनी ती चुंबळ काढून शेळीपुढे टाकली.

"अहो, ही लागते!"

"हिच्यात पाणी मावतं का? मग कशाला?"

मास्तर गेला. नाफुला मागोमाग. परतीच्या वाटेवर घागर डुगडुगू लागली, पाणी मानेवरून सदऱ्यात. पाण्याला निघालेल्या बायका खिदळल्या, "मास्तर, पाणी घरी न्यायचंय की अंघोळ उरकायचीय?" घागर कलंडली. मास्तरच्या तोंडून चरफडत जे निघालं ते थेट घरच्या बोलीत.

ते ऐकून नाफुला खुदकन हसली आणि बोलायलाच लागली. "असं नाही गुरुजी! ओलं सोपट घ्यायचं. सुकलेलं टोचतं. दोनदा पिळायचं, मध्ये भोक ठेवायचं, म्हणजे घागरीचं बूड बसतं." बोलता बोलता तिनं चुंबळ वळूनही दिली.

मास्तर घागर पुन्हा भरून, त्या चुंबळीवर ठेवून गुरूंच्या अंगणात आला. गुरूंनी विचारलं, "काय, काढायचं हिचं नाव?"

मास्तरनं घागर उतरवून खाली ठेवली.

"भरली घागर तू कोवळ्या डोक्यावर नुसतीच ठेवलीस. सांडली, तर दोष डोक्याला दिलास."

"म्हणजे इंग्रजी नकोच?"

"पाणी नको असं कोण म्हणालं? हवंच. पण मधे काहीतरी घरचं लागतं, बाबा."

दुसऱ्या दिवशी मास्तरनं वर्गात बोलीतच विचारलं, "ओढ्याचं पाणी येतं कुठून?" पहिला हात नाफुलाचा वर झाला. पाण्याचा इंग्रजी शब्द त्यानं त्यानंतर शिकवला.

आपल्याकडेही एखादं पोर वर्गात गप्प बसलं, तर त्याला ढ म्हणण्याआधी त्याच्या डोक्यावर चुंबळ आहे का, तेवढं पाहावं.