भुजंगरावांचा कठडा

एका विद्यापीठाच्या गावात भुजंगराव पांढरे नावाचे एक घरमालक राहत होते. आयुष्याची तीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली होती. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून त्यांचा आवाज इतका चढला होता, की त्यांनी नुसतं 'जेवलास का?' असं विचारलं तरी समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचं. माणूस मनाने वाईट नव्हता. पण एकदा पोळला, की ताक फुंकून पिणाऱ्यांतला होता.

म्हातारपणाची सोय म्हणून त्यांनी राहत्या घरावर एक मजला चढवला. दोन खोल्या, एक न्हाणी आणि पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी. स्लॅब ओतल्यावर एकवीस दिवस त्यांनी स्वतः बादल्या वाहून पाणी मारलं. गवंडी म्हणाला, एवढं तर कुणी पोरालाही न्हाऊ घालत नाही. मग त्या खोल्या त्यांनी विद्यापीठात शिकायला येणाऱ्या मुलांना भाड्याने दिल्या.

पहिल्या वर्षीची मुलं वाह्यात निघाली. त्यांनी भिंतींत बोटाएवढे खिळे ठोकले, दाराच्या फळीवर चाकूने नावं कोरली आणि परीक्षा संपताच भुजंगरावांच्या पाया पडून, गोड बोलून निघून गेली. वर जाऊन पाहिल्यावर भुजंगराव त्या रिकाम्या खोलीत मटकन खालीच बसले. पत्नी अनसूयाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली, तरी उठले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली, की पोरांवर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी एक फळा लावला आणि त्यावर ऑइलपेंटने अकरा नियम लिहिले. भिंतीला खिळा मारायचा नाही. पाहुणा आणायचा नाही. कठड्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. शेवटचा नियम सगळ्यात ठळक होता: 'काही तुटल्यास गय केली जाणार नाही.' शिवाय दर गुरुवारी, मुलं तासाला गेली की दुसरी किल्ली घेऊन ते वर जात आणि खोल्या तपासून येत. हे मुलांना ठाऊक आहे की नाही, याचा विचार त्यांनी कधी केला नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांच्याकडे तीन मुलं होती. अंकुश वाघमोडे आणि इरफान तांबोळी एका खोलीत, दुसऱ्या खोलीत सुधाकर नावाचा एक अबोल मुलगा. एका सकाळी सुधाकर खाली आला. न्हाणीतला नळ त्याच्या हातात निखळून आला होता. तो नळ त्याने तळहातावर असा धरला होता, जसा देवळातून प्रसाद आणावा.

भुजंगरावांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. तीन वर्षं चाललेला नळ तुझ्याच हातात कसा तुटला, असं त्यांनी विचारलं. मग अकराव्या नियमाकडे बोट दाखवलं आणि आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितली. सुधाकरची परीक्षा तोंडावर आली होती. अंकुश आणि इरफानने त्याची ट्रंक रिक्षात चढवली आणि तो गेला.

त्यानंतर वर्षभर वरून एकही तक्रार आली नाही. काही तुटलं नाही, काही गळलं नाही, काही बिघडलं नाही. भुजंगराव गल्लीतल्या घरमालकांना अभिमानाने सांगत, "एकदा धाक बसला की घर कसं गप्प राहतं बघा."

घर गप्प राहिलं होतं, हे खरं होतं.

एका गुरुवारी दुपारी भुजंगराव नेहमीप्रमाणे वर गेले. अंकुश-इरफानची खोली उघडून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. पुस्तकं रचलेली, गाद्या गुंडाळलेल्या. खोड काढायला काही सापडलं नाही, म्हणून त्यांचा थोडा विरसच झाला. मग ते गॅलरीत आले आणि थबकले. कठड्याच्या एका टोकापासून खिडकीच्या गजापर्यंत नायलॉनची जाड दोरी ताणून बांधली होती. दोरीवर एक ओला पंचा वाळत होता.

भुजंगरावांच्या कपाळाची शीर उठली. शेवटी सापडलेच, असं त्यांना वाटलं. पंचा त्यांनी बाजूला फेकला. गाठी भलत्याच पक्क्या होत्या, दोरीला तीन-तीन वेढे दिले होते. कपडे वाळत घालायला एवढी पक्की गाठ कशाला मारली असेल, असा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि गेला. रागात माणसाला प्रश्न पडतात, पण तो उत्तरासाठी थांबत नाही. दोन्ही गाठी सोडवून त्यांनी दोरीची गुंडाळी केली आणि संध्याकाळी मुलांच्या तोंडासमोर धरायला म्हणून सदऱ्याच्या खिशात कोंबली.

अनसूयाबाई खाली अंगणात मिरच्या निवडत बसल्या होत्या. त्यांना हा पराक्रम सांगावा म्हणून भुजंगराव कठड्यावर रेलले आणि त्यांनी हाक मारली. हाक पुरी व्हायच्या आत कठडा भिंतीतून निसटला आणि त्याच्यासकट भुजंगराव खाली आले.

नशिबाने ते आधी खालच्या पत्र्याच्या छपरावर पडले आणि तिथून अंगणात. जीव वाचला, पण उजवी मांडी मोडली.

इरफान तेवढ्यात फाटकातून आत शिरत होता. शाळेत असताना त्याने प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं. जमलेले लोक भुजंगरावांना उचलून बसवायला निघाले, तेव्हा त्याने सगळ्यांना अडवलं. एक फळी आणि आपली चादर आणून त्याने मोडलेला पाय सरळ बांधला आणि मगच त्यांना टेम्पोत ठेवू दिलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, की पाय असा बांधला नसता, तर जन्माचं अधूपण आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे बाबूराव घोलप दवाखान्यात भेटायला आले. त्यांच्याही घरात विद्यार्थी राहत होते. बरोबर गल्लीतले आणखी दोघे घरमालक होते. बाबूरावांनी सारा हिशेब आधीच जुळवून आणला होता. पोरं कठड्याला लोंबकळत असणार, त्यांनीच तो सैल केला असणार, आणि आपल्यावर येऊ नये म्हणून गप्प राहिली असणार. तुम्ही फक्त हो म्हणा, चौकीवर तक्रार आम्ही देतो, असं ते म्हणाले. अनसूयाबाईंनाही ते पटलं होतं. नवरा डोळ्यांदेखत कोसळलेला पाहून त्या हादरल्या होत्या. रविवारपर्यंत खोली सोडा, असं त्यांनी मुलांना सकाळीच सांगून टाकलं होतं. मुलांची परीक्षा पुढच्याच आठवड्यात सुरू व्हायची होती.

अंकुश आणि इरफान दाराशी उभे होते. हातात डबा होता, पण आत यावं की नाही, हे त्यांना समजत नव्हतं. भुजंगरावांनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं.

"कठडा सैल झालाय, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होय काका," अंकुश म्हणाला. "पावसाळ्यातच कळलं. भिंतीत पाणी मुरून बोल्ट गंजले होते. या आठवड्यात तो फारच हलायला लागला, म्हणून कुणी पडू नये यासाठी आम्ही तो दोरीने आवळून बांधला होता."

"मग मला का नाही सांगितलं?"

अंकुशने मान खाली घातली. बाबूरावांनी विजयी चेहऱ्याने इतरांकडे पाहिलं. तेव्हा इरफान हळू आवाजात म्हणाला, "सुधाकरने नळाचं सांगितलं होतं, काका."

एवढंच तो बोलला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यामुळे ते वाक्य जास्तच लागलं.

भुजंगरावांनी डोळे मिटले. तळहातावर नळ घेऊन उभा राहिलेला तो मुलगा त्यांना दिसला. तो आपण होऊन सांगायला आला होता. ज्यांनी दारावर नावं कोरली ती मुलं एक अक्षर न बोलता, पाया पडून सटकली होती. त्यांचं काहीच वाकडं झालं नव्हतं. जो खरं सांगायला जिना उतरून आला, नेमकं त्यालाच आपण रस्त्यावर काढलं. ते पाहून मागे राहिलेल्या दोघांनी जो धडा घ्यायचा, तो घेतला. धडा शिकवला होता आपणच.

त्यांचा सदरा खाटेच्या दांडीला अडकवला होता. खिशात दोरी होती. ती कुणी सोडली, हे मुलांना ठाऊक नव्हतं, बाबूरावांना नव्हतं, अनसूयाबाईंनाही नव्हतं. दोरी जुनी होती, तुटली असेल, असंच मुलं धरून चालली होती. भुजंगराव गप्प राहिले असते, तर त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. गल्लीत लाज राहिली असती. मोडलेल्या मांडीपेक्षा ही गोष्ट त्यांना त्या क्षणी जास्त जड गेली. कपाळावर घाम आला. अनसूयाबाईंना वाटलं, कळ आली असेल.

"माझ्या सदऱ्याचा खिसा बघ," ते पत्नीला म्हणाले.

अनसूयाबाईंनी दोरी बाहेर काढली. ती कुठेही तुटलेली नव्हती.

"दोरी मी सोडली, बाबूराव. या पोरांनी कठडा बांधून ठेवला होता, तो मी मोकळा केला आणि मग त्यावरच रेललो. कठडा माझा, भिंत माझी, बोल्ट गंजले तेही माझेच. तक्रार द्यायचीच असेल, तर माझ्या नावाने द्या."

मग बाबूराव कुजबुजत्या आवाजात म्हणाले, की असं सगळ्यांदेखत कबूल केलं तर उद्या पोरं डोक्यावर बसतील.

"डोक्यावर बसली तर त्यांना खाली उतरवता येतं," भुजंगराव म्हणाले. "गप्प बसली, तर आपण खाली येतो. मी आलो ना."

अंकुशचे डोळे भरून आले होते. आम्हीही सांगायला हवं होतं, चूक आमचीही आहे, असं तो म्हणाला. भुजंगरावांनी ते नाकारलं नाही. अर्धी तुमची, असं म्हणून त्यांनी डबा उघडायला सांगितलं. आत मूगडाळीची खिचडी होती, थोडी करपलेली. त्यांनी ती सगळी खाल्ली. खोली सोडायचा विषय अनसूयाबाईंनी पुन्हा काढला नाही.

परीक्षा झाल्यावर, एका सकाळी, अंगणात खुर्चीवर पाय पसरून बसलेल्या भुजंगरावांनी दोघांना बोलावलं आणि वर आणखी काय काय लपवलंय, ते विचारलं. मुलं आधी एकमेकांकडे पाहत राहिली. मग चाचरत एकेक निघू लागलं. न्हाणीतलं बटण ओल्या हाताला झटका देत होतं. कपाटामागची भिंत ओली होऊन फुगली होती, ती दिसू नये म्हणून कपाट सरकवून ठेवलं होतं. मागच्या खिडकीची कडी वर्षभर पडद्याआड सुतळीने बांधलेली होती. टाकीचं झाकण वाऱ्याने केव्हाच उडून गेलं होतं. भुजंगराव ऐकत राहिले. ज्या घराला एकवीस दिवस पाणी मारलं, ते आपलं घर आपल्यालाच माहीत नव्हतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात त्यांनी गवंडी आणि वायरमन बोलावला. फळ्यावरचे अकरा नियम खरवडून काढले. नियमच नकोत असं त्यांनी केलं नाही. मुलांना समोर बसवून पुन्हा ठरवले, ते पाचच निघाले. दुसरी किल्ली अनसूयाबाईंच्या डब्यात गेली. वर जायचं असलं की भुजंगराव आदल्या दिवशी सांगत आणि दार वाजवून थांबत. थांबणं त्यांना फार अवघड जायचं. पहिल्या वेळी तर दार वाजवून ते सरळ आतच शिरले, मग ओशाळून बाहेर आले आणि पुन्हा दार वाजवलं.

सुधाकरचा नंबर अंकुशकडून घेऊन त्यांनी त्याला फोनही केला. माझं चुकलं, असं ते म्हणाले. पलीकडून तो "बरं काका" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत त्याने कुठे दिवस काढले, हे विचारायचं धाडस भुजंगरावांना झालं नाही. ती बोच त्यांच्या मनात राहिली.

पुढच्या वर्षी सुधाकरच्या रिकाम्या खोलीत कोकणातून आलेला पराग खोत नावाचा मुलगा राहायला आला. तिसऱ्याच दिवशी वरून काहीतरी फुटल्याचा मोठा आवाज झाला. थोड्या वेळाने पराग जिना उतरून खाली आला. चेहरा पांढराफटक पडला होता. हात धुताना पितळी तांब्या निसटून त्याने बेसिन फोडलं होतं. हे बेसिन भुजंगरावांनी नुकतंच, चार दुकानं फिरून, स्वतः निवडून आणलं होतं.

भुजंगरावांच्या कपाळाची शीर उठली. स्वभाव काही एका वर्षात बदलत नाही. शब्द अगदी ओठांवर आले. त्यांनी ते गिळले, एक श्वास घेतला आणि आपल्या त्याच चढ्या आवाजात विचारलं, "तुकडा पायाला लागला नाही ना कुठं?"

पराग शिव्या ऐकायची तयारी करून आला होता. तो तिथेच शेवटच्या पायरीवर बसला आणि त्याने पाय पुढे करून दाखवला. अंगठ्याजवळ थोडं रक्त आलं होतं. भुजंगराव काठी टेकत हळद आणायला आत गेले.

तात्पर्य: घर भाड्याने देणाऱ्याने मुलांना धाक घालण्याआधी खरं सांगायची मोकळीक द्यावी, कारण सांगणाऱ्याला जिथे शिक्षा होते, तिथे मोडलेलं लपवलं जातं, आणि लपवलेलं शेवटी मालकाच्याच अंगावर येतं.